फोटोवाल्याचा असेंबल्ड कॉम्प्युटर

सुटे भाग ठिकठिकाणांहून आणून जोडलेल्या संगणकाला असेंबल्ड कॉम्प्युटर म्हणतात. मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, रॅम तिसरीची आणि हे सगळे ज्या पत्र्याच्या पेटीत बसवायचे ती कॅबिनेट चौथीची. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी असा संगणक पहिल्यांदा घेणाऱ्यांत टायपिंग क्लासवाला होता, लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला होता आणि फोटो स्टुडिओवाला होता. यांतल्या तिसऱ्याने तो आपल्या धंद्याच्या मापाने जुळवून घेतला. पैसा कुठे घालायचा आणि कुठे वाचवायचा, याचे त्याचे गणित संगणकाच्या आधीपासून, अंधाऱ्या खोलीतल्या दिवसांपासून चालत आलेले होते.

येलदरी हे परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले, पूर्णा नदीवरच्या धरणाचे गाव. मातीचे हे मोठे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे एकूण २२.५ मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. पावसाळ्यात दरवाजे उघडले की पाणी पाहायला आणि फोटो काढायला भोवतालच्या गावांतून माणसे येतात. मोठ्या बाजारहाटाला मात्र जिंतूर गाठायचे आणि तिथे भागले नाही तर परभणी. फोटोच्या धंद्याची वाटही हीच राहिली. माल परभणीच्या बाजूने यायचा आणि काम खेड्याच्या बाजूने.

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानातला सर्वांत नावाजलेला छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ. त्यांचे स्टुडिओ सिकंदराबाद आणि मुंबईत होते, आणि त्यांच्या काचेच्या निगेटिव्हवर दरबार, शिकारी आणि राजवाडे उमटले. खेड्यापर्यंत कॅमेरा पोचला तो फार उशिरा, आणि दरबारी थाटाशिवाय. तिपाईवरचा लाकडी कॅमेरा, डोक्यावरून घ्यायचे काळे कापड, मागे रंगवलेला पडदा आणि समोर श्वास रोखून बसलेले कुटुंब, असे त्याचे रूप होते. फिल्म पुढे देशात होऊ लागली. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ ही खूण जुन्या फोटोवाल्यांना चांगली आठवते.

कृष्णधवल काळातल्या फोटोवाल्याची खरी कमाई डार्करूममध्ये होती, कारण तिथले प्रत्येक काम त्याच्या हातचे होते. तयार डेव्हलपरची पाकिटे मिळत, पण ती महाग पडत. म्हणून मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स सुटे आणायचे आणि तराजूत तोलून पाण्यात मिसळायचे. कोडॅकच्या डी-७६ या प्रसिद्ध डेव्हलपरचे प्रमाण उघड होते: लिटरमागे मेटॉल २ ग्रॅम, सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. हे ज्याला पाठ, त्याला पाकिटाची गरज नव्हती. द्रावण २० अंश सेल्सिअसला ठेवायचे असा नियम होता. परभणीच्या बाजूला मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बशीभोवती बर्फ लावायचा किंवा काम पहाटे उरकायचे. प्रिंट पक्का करणारा हायपोही वापरून झाल्यावर फेकला जात नसे, त्यात उतरलेली चांदी विकत घेणारे लोक होते. सुटे भाग आणून आपल्या हाताने जुळवायचे, ही रीत या धंद्यात अशी आधीच रुजलेली होती.

दुसरे हातकाम रिटचिंगचे. निगेटिव्ह तिरप्या काचेवर ठेवून मागून उजेड घ्यायचा आणि अणकुचीदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे देवीचे व्रण, मुरमांचे डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळे भरून काढायची. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल लागते तिथे प्रिंट उजळ येतो. पेन्सिल जास्त फिरली की चेहरा पुतळ्यासारखा गुळगुळीत होई. लग्न जुळवायला पाठवायच्या फोटोत हा गुळगुळीतपणा गिऱ्हाईक मागूनच घेत असे, ही गोष्ट वेगळी.

रंगीत फिल्मने हे सगळे मोडले. १९७२ मध्ये आलेल्या सी-४१ या पद्धतीत डेव्हलपर ३७.८ अंशांवर आणि तोही पाव अंशाच्या आत स्थिर ठेवावा लागतो. बर्फाच्या बशीला ते जमणारे नव्हते. त्यासाठी यंत्र हवे होते आणि यंत्राची किंमत तालुक्याच्या स्टुडिओच्या आवाक्याबाहेरची होती. ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत मोठ्या शहरांत कलर लॅब निघाल्या. लहान गावचा फोटोवाला रोल भरायचा, एसटीने लॅबला पाठवायचा, दोन-चार दिवसांनी प्रिंट आणायचा आणि गिऱ्हाइकाला द्यायचा. चेहरा काळा आला, रंग पिवळट गेला, तरी त्याच्या हातात करण्यासारखे काही उरले नव्हते. कालचा कारागीर आता लॅबचा हमाल झाला. डार्करूममध्ये रिकामी खोकी साठू लागली. संगणक आला तो या रिकाम्या खोलीत.

संगणक सुट्या भागांनी जोडता येतो याचे मूळ १९८१ मध्ये आहे. त्या वर्षी आलेल्या आयबीएम पीसीची रचना इतकी उघडी होती की इतर कंपन्यांनी त्याच मापाचे भाग आणि त्याच धर्तीची यंत्रे करायला घेतली. भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली. खरा फरक पडला तो १९९७ नंतर. त्या वर्षी भारताने माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील आंतरराष्ट्रीय करारावर सही केली आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या भागांवरची आयात जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पूर्वीपासून रेडिओ आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या भागांची दुकाने होती, त्यांच्याच शेजारी आता रॅम आणि हार्डडिस्क विकणारी दुकाने दाटली. परभणीहून मुंबईला जाणाऱ्याने देवगिरी एक्स्प्रेसने उतरायचे, दिवसभर दर काढत फिरायचे आणि संध्याकाळी मदरबोर्डचे खोके कपड्यांच्या पिशवीत गुंडाळून परतायचे. मॉनिटर मात्र परभणी-नांदेडलाच घेतलेला बरा. काचेचे ते धूड गाडीत सांभाळायचे कोणी?

जोडणी शिकवणाराही या काळात मिळू लागला. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यातालुक्यात निघाली. अभ्यासक्रमात जोडणी नव्हती, पण केंद्रातले संगणक बिघडत होते आणि ते उघडणारा एक मुलगा प्रत्येक केंद्रात तयार होत होता. स्टुडिओवाल्याचा डबा, म्हणजे संगणक, पुष्कळदा अशाच मुलाने बसवला.

सॉफ्टवेअरची निवड मात्र जवळजवळ सगळीकडे एकच झाली. फोटोशॉप १९९० मध्ये मॅकिंटॉशवर आले, पुढे विंडोजवर उतरले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात लेयर, म्हणजे एकावर एक चढवायचे थर, आले. गावोगावच्या स्टुडिओंत ठाण मांडले ते २००२ च्या सातव्या आवृत्तीने. पुढच्या कितीतरी आवृत्त्या येऊन गेल्या तरी ‘सेव्हन पॉइंट झिरो’ हलले नाही. एक कारण असे की १२८ एमबी रॅमवर ते चालू होई, १९२ एमबी असेल तर बरे. दुसरे कारण धंद्याचे होते. हीलिंग ब्रश हे साधन याच आवृत्तीत पहिल्यांदा आले. डाग जिथे आहे तिथे शेजारच्या कातडीचा पोत आणून बसवायचा आणि उजेड-सावली मूळचीच ठेवायची, हे त्याचे काम. रिटचिंगच्या पेन्सिलीने ज्या कामाला तास घेतले ते हा ब्रश मिनिटांत करी. ज्याने निगेटिव्हवर हात बसवला होता त्याला कुठे थांबायचे ते ठाऊक होते. नव्याने शिकलेल्यांनी पुतळे पुन्हा घडवले. फोटोशॉपच्या या प्रती बहुतेक ठिकाणी विकत घेतलेल्या नव्हत्या, नकललेल्या सीडीवरच्या होत्या, हेही इतिहासातून गाळता येत नाही. १९९६ पासून फुकट मिळणारे जिंप हे सॉफ्टवेअर त्यामुळे इकडे कोणाला शोधावेसेच वाटले नाही.

आता यंत्राकडे. २००५ च्या सुमाराचा स्टुडिओतला डबा म्हणजे इंटेलचा सेलेरॉन किंवा पेन्टियम ४, २५६ एमबी रॅम, ४० किंवा ८० जीबीची हार्डडिस्क, १५ किंवा १७ इंची काचेचा मॉनिटर, सीडी रायटर आणि यूपीएस. त्याच काळात दहा हजारांच्या आत बसणारे ब्रँडेड संगणकही बाजारात आले होते. मात्र त्यांत १२८ एमबी रॅम आणि लिनक्स असे, त्यामुळे फोटोवाल्याला ते निरुपयोगी होते. स्वस्त यंत्र आणि कामाला पुरणारे स्वस्त यंत्र यांतले अंतर त्याला दोन फोटोंच्या हिशेबावरून कळत असे.

पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा. इंचाला ३०० ठिपके धरले तर तो ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो. दर पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट, म्हणजे सगळा मिळून सुमारे ६४२ केबी. असे आठ फोटो चार बाय सहा इंची कागदावर बसतात. या कामाला कोणताही संगणक चालतो. लग्नाच्या अल्बमचे दुपानी पान मात्र १२ बाय ३६ इंचांचे. त्याचे ३,६०० बाय १०,८०० पिक्सेल, म्हणजे ३ कोटी ८८ लाख ८० हजार ठिपके, आणि फोटोशॉपच्या हिशेबात १११ एमबी. एका पानात १७७ पासपोर्ट फोटो मावतील एवढी ही माहिती, आणि तीही एकाच लेयरची. त्यावर नवरा-नवरीचे कापलेले फोटो, फुलांची चौकट, नावे आणि सावल्या चढल्या की २५६ एमबी रॅम केव्हाच संपते. मग फोटोशॉप उरलेला पसारा हार्डडिस्कवर मांडते. डिस्कचा लाल दिवा लुकलुकत राहतो, पडद्यावर वाळूचे घड्याळ येते आणि फोटोवाला चहाला जातो.

म्हणून पैसा पहिल्यांदा रॅममध्ये घालायचा. प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला तर काम थोडे सावकाश होते, रॅम कमी पडली तर ते थांबते. या नियमालाही वरची हद्द होती. ३२ बिटांच्या विंडोज एक्सपीवर ४ जीबी रॅम लावली तरी दिसायची सव्वातीनच्या आसपास, आणि फोटोशॉप ७ त्यातली दोनपेक्षा जास्त वापरूच शकत नसे. दुसरा खर्च डिस्कचा. एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून पसारा ‘डी’वर टाकण्याची पद्धत सर्रास होती, पण तिने वेग वाढत नाही. तीच सुई दोन्हीकडे धावते. जुनी २० जीबीची दुसरी डिस्क केबलला अडकवून पसारा तिच्यावर टाकला की फरक लगेच जाणवायचा. ग्राफिक्स कार्डावर मात्र पैसे फुकट जात. फोटोशॉपने त्याची मदत घ्यायला सुरुवात केली ती २००८ च्या सीएस ४ पासून. तरीही दुकानदार ते कार्ड गळ्यात बांधायचाच.

मॉनिटर हा सगळ्यांत अवघड प्रश्न होता. पडद्यावर गोरा दिसणारा चेहरा लॅबमधून तांबूस होऊन येई. रंग मोजणारी उपकरणे होती, पण त्यांच्या किमतीत दुसरा संगणक आला असता. उपाय साधा निघाला. एक नेहमीचा फोटो लॅबकडून छापून घ्यायचा, तो मॉनिटरशेजारी धरायचा आणि पडद्याची बटणे दाबत दोन्ही जुळवायचे. काचेचा मॉनिटर तापून रंग स्थिरावायला अर्धा तास लागतो, म्हणून सकाळी तो लावून मगच दुकान झाडायचे. पुढे चपटे एलसीडी आले तेव्हा जागा आणि वीज वाचली, पण स्वस्त पॅनेलचा दोष असा की मान जराशी हलली तरी रंग बदलतो. कोनाने रंग न बदलणारे आयपीएस पॅनेल लहान दुकानाच्या खिशाला परवडायला आणखी काही वर्षे जावी लागली.

वीज हा या यंत्राचा खरा शत्रू. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि त्याच सुमारास राज्यातल्या खेड्यांनी भारनियमनाची सर्वांत कठीण वर्षे पाहिली. जलविद्युत केंद्रातली वीज थेट जाळ्यात जाते, त्यामुळे येलदरीसारख्या धरणाच्या गावाला तिच्यावर वेगळा हक्क नसतो. टर्बाइन शेजारी फिरत असले तरी भारनियमनाचे वेळापत्रक गावाच्या वाट्याला येतेच. ६०० व्हीएचा यूपीएस काचेचा मॉनिटर आणि पेन्टियम ४ यांना दहा-पंधरा मिनिटे धरून ठेवी. काम जतन करायला तेवढे पुरते, पूर्ण करायला पुरत नाही. त्यातून कंट्रोल-एस दाबण्याची अशी सवय बोटांना लागली की दर दोन-तीन कृतींनंतर ती आपोआप त्या कळांवर जात. लगीनसराईत वीज रात्री येई आणि अल्बमही रात्रीच होत. एलसीडी आला तेव्हा त्याच यूपीएसवर जास्त वेळ मिळू लागला. स्टुडिओवाल्यांनी काचेचे मॉनिटर लवकर काढले त्याचे हे एक व्यवहारी कारण होते.

अर्थिंग नसलेल्या घरांत कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत. त्यावर स्लिपर घालून बसणे हा सार्वत्रिक इलाज होता. काळ्या मातीचा धुरळा पंख्यात बसे आणि उन्हाळ्यात डबा आपोआप बंद पडे. मग कॅबिनेटचे एक झाकण काढून कायमचे बाजूला ठेवायचे आणि टेबल फॅन आत रोखायचा. सुरू करताना लांब लांब बीप वाजले तर रॅम काढायची, तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवायचे आणि पुन्हा बसवायची. दहापैकी बऱ्याच वेळा एवढ्याने काम भागे. असेंबल्ड यंत्राचा मोठा फायदा इथे होता. भाग सुटा निघतो आणि दुरुस्तीसाठी सगळे यंत्र शहरात न्यावे लागत नाही.

अल्बमवरची मराठी हा निराळा अध्याय. फोटोशॉप ७ ला देवनागरीची जोडाक्षरे जुळवता येत नसत, वेलांट्या भलतीकडे पडत. म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी किंवा तसलेच दुसरे पॅकेज बसवले जाई. त्यांच्या फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे इंग्रजी कळांवर ठेवलेले असत, त्यामुळे फोटोशॉपला ते इंग्रजीच वाटे. ‘शुभविवाह’ छान उमटे. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडली की मात्र पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग येई. म्हणून लॅबला पाठवण्यापूर्वी सगळे लेयर एकत्र करून जेपीजी करायचे, ही शिस्त सगळ्यांनी एकेकदा नुकसान सोसून शिकली.

डिजिटल कॅमेरे आल्यावर रोल संपला. २००४ च्या निकॉन डी ७० सारख्या कॅमेऱ्यांनी लग्नाचे काम घेतले, २००६ मध्ये कोनिका मिनोल्टा फोटोच्या धंद्यातून बाहेर पडली आणि २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. दुकानांवरच्या निळ्या-पिवळ्या पाट्या तशाच राहिल्या. लॅबकडे आता फक्त छपाई उरली आणि चेहरा, रंग, मांडणी हे जे काम रोलबरोबर गेले होते ते पुन्हा गावात आले. ज्या खोलीत हायपोचा वास होता तिथेच टेबल, कॅबिनेट आणि वायरींचा गुंता मांडला गेला. खेड्यात दुकान आणि घर एकाच ओट्यावर असते, म्हणून हाच घरचाही संगणक झाला. दिवसा अल्बम, संध्याकाळी मुलांचा गेम, निकालाच्या दिवशी दारात सगळी आळी.

पुढच्या दशकात दोन स्वस्त गोष्टींनी जुन्या डब्यांचे आयुष्य वाढवले. एक शाईच्या टाकीचे सहा रंगी प्रिंटर. त्यांच्यामुळे पासपोर्ट फोटो लॅबशिवाय तिथल्या तिथे निघू लागला. दुसरी एसएसडी. फिरणाऱ्या डिस्कच्या जागी १२० किंवा २४० जीबीची एसएसडी लावली की सात-आठ वर्षांचा संगणकही ताजातवाना वाटे. नवीन जोडणाऱ्यांसाठी २०१८ पासून एएमडीच्या रायझन मालिकेत ग्राफिक्स आतच असलेले प्रोसेसर मिळू लागले. त्यानंतर साध्या फोटोकामाचा डबा म्हणजे असा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एसएसडी आणि आयपीएस मॉनिटर, एवढाच राहिला. ६४ बिटांच्या विंडोजने सव्वातीन जीबीची अट काढून टाकली. अडचण आली ती सॉफ्टवेअरकडून. २०१३ मध्ये अॅडोबीने नव्या आवृत्त्या विकत देणे थांबवून महिन्याची वर्गणी सुरू केली आणि कितीतरी दुकानांत २००२ चेच फोटोशॉप नव्या यंत्रावर बसवले गेले.

कामाचे स्वरूपही पालटले. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. आधारचा फोटो केंद्रावरच निघतो, त्याला स्टुडिओ लागत नाही. लग्नाचे फोटो मोबाइलवर गेले. पण भरतीचे आणि परीक्षांचे अर्ज ऑनलाइन झाले आणि प्रत्येक अर्जाने आपले माप ठरवले. बँक भरतीची आयबीपीएस फोटो मागते २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीत बसणारा, आणि सही १४० बाय ६० पिक्सेलची, १० ते २० केबीची. मोबाइलमधला चार एमबीचा फोटो घेऊन मुले दुकानात येतात. फोटोवाला कडा कापतो, पार्श्वभूमी पांढरी करतो, सही कोऱ्या कागदावर काळ्या पेनने घेऊन स्कॅन करतो आणि जेपीजीची गुणवत्ता एकेक पायरी उतरवत आकडा ५० च्या खाली आणतो. कधी फाइल २० च्या खाली घसरते, मग परत वर. ज्या यंत्राची रॅम १११ एमबीच्या पानासाठी वाढवली होती, त्यावर आता दिवसभर केबींचा हिशेब चालतो.